तीन ठोके, मग थांबायचं

४ ऑगस्ट, सोमवार

वादळाच्या तयारीच्या प्रशिक्षणाच्या शेवटी शहरातल्या कचेरीतल्या बाईंनी सगळ्यांना एकेक वही दिली. रोज काय केलं ते लिहा, महिनाअखेर आम्ही बघू, म्हणाल्या. मी पहिल्याच पानावर लिहिलं की आमचा कप्तान दोन तास झोपला होता आणि घोरत होता. मग लक्षात आलं, ही वही कचेरीत जायची आहे. तेव्हा कचेरीसाठी दुसरी वही केली आणि ही कपड्यांच्या खाली ठेवली. हिच्यात खरं लिहीन.

कप्तान म्हणजे आमच्या गावाचा प्रमुख. नाव कप्तान, पण होडीत पाय ठेवला की ओकतो. वादळ समितीला प्रमुख नेमायचा होता तेव्हा मी कॉफी गाळायला आत गेले होते. बाहेर आले तर टाळ्या चालल्या होत्या. कप्तान म्हणाला, "सेंदाताईंचा आवाज मोठा आहे, त्याच योग्य." ताई म्हणजे आमच्याकडे माना. "माना सेंदा, तुम्हाला भोंगा लागणार नाही," असंही वर म्हणाला.

काम असं: एक्केचाळीस घरं, दोनशे सहा माणसं. इशारा झाल्यापासून एका तासात सगळी टेकडीवरच्या शाळेत पोचली पाहिजेत. मोठी वादळं नोव्हेंबरात येतात, म्हणजे हातात तीन महिने. नऊ वर्षांपूर्वीच्या वादळात आमची चौदा माणसं गेली. त्यातली नऊ चर्चमध्ये. त्या नवांत माझी आई होती. आजच्यापुरतं एवढंच पुरे.

१० ऑगस्ट, रविवार

कचेरीने दिलेला भोंगा उघडून बघितला. खाऱ्या हवेनं आतलं सगळं हिरवं पडलंय. मांजराच्या घशात काटा अडकल्यासारखा आवाज काढतो. मोबाइलचं म्हणाल तर साधा वारा सुटला तरी रेंज आधी पळते आणि मग माणसं.

म्हणून घंटा. चर्चची घंटा गावात सगळीकडे ऐकू जाते. ती वाजवतो माझा सासरा, तातय इमो. तातय म्हणजे बाबा. सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा, अशी चाळीस वर्षं. पावसाची झड दाट असली की अवेळीही वाजवतो. समुद्रावरच्यांसाठी प्रार्थना असेल, आणि कधी त्याला करमत नसेल.

त्याला सांगितलं, इशाऱ्याला तुम्ही घंटा वाजवायची. म्हणाला, "वाजवीन की, इंदाय. पण घंटा फक्त 'या' म्हणते. 'कुठं' ते म्हणत नाही." इंदाय म्हणजे लेकी. मर्जीत असला की मला इंदाय म्हणतो. मी म्हटलं, कुठं ते मी घरोघर सांगितलंय, तुम्ही दोर ओढा.

२४ ऑगस्ट, रविवार

आज रंगीत तालीम झाली. लाज वाटली.

तीन वाजता घंटा सुरू झाली. मी शाळेच्या पायऱ्यांवर हातात घड्याळ घेऊन उभी. मास्तर रामिरो शाळेतली पोरं घेऊन आधीच वर आले होते. पाठोपाठ कप्तान आला, बगलेत झुंजीचा कोंबडा. बायको कुठाय विचारलं तर म्हणाला, मागून येतेय, शिवणयंत्र घेऊन. म्हणजे कोंबडा ह्यानं घेतला आणि यंत्र तिला दिलं.

आणि मग कोणीच येईना. अर्धा तास झाला. खाली नजर टाकली तर चर्चचं अंगण माणसांनी भरलेलं. मी धावत खाली गेले. सगळ्यांत पुढे आपोय, म्हणजे आजी, तासिंग, गावातली सगळ्यांत म्हातारी, डोक्यावर जाळीचा पदर, हातात मेणबत्ती. मागे तिच्या सुना, नातवंडं, कोणी धुतलेले कपडे घातलेले. मी ओरडले की वर जायचं होतं, हे काय चालवलंय. चर्च पाण्यापासून शंभर पावलांवर आहे.

आपोय तासिंगनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "घंटा झाली की चर्चला जायचं, हे मला माझ्या आईनं शिकवलं. टेकडीवर कोण आहे? बकऱ्या." सगळे हसले. मीही हसले, कारण दुसरं काय करणार. पण घड्याळ खिशात घातलं.

घरोघर दोनदा फिरून सांगितलं होतं. माना डोलावल्या होत्या सगळ्यांनी. घंटा झाली आणि पाय आपले चर्चकडे वळले. डोकं ऐकतं, पाय ऐकत नाहीत.

२६ ऑगस्ट, मंगळवार

त्या दिवसाचं लिहिते.

आई वरच्या गावची, मीही. नारळाच्या बागेतल्या आम्ही, समुद्राचं आम्हाला काही कळत नव्हतं. नऊ वर्षांपूर्वी ती माझ्याकडे राहायला आली होती. वारा वाढला तशी चर्चची घंटा वाजायला लागली. आईनं विचारलं, कुठं जाऊ गं? मी कपडे बांधत होते. मी म्हटलं, घंटा वाजतेय ना, जा, ते सिमेंटचं आहे.

मी म्हटलं. दुसऱ्या कुणी नाही.

सान्तोनं, म्हणजे नवऱ्यानं, यावर आजवर एक शब्द काढलेला नाही. कधी वाटतं, त्यानं एकदा बोल लावला असता तर बरं झालं असतं.

पण विचार करता करता एक सुचलं. पाय घंटेकडे जातात ना? मग घंटाच टेकडीवर नेऊ.

३१ ऑगस्ट, रविवार

सभा झाली. फादरना आधीच फोन केला होता. ते महिन्यातून एकदा येतात, एरवी शहरात. म्हणाले, घंटा बोलावण्यासाठी असते, जिथं बोलवायचं तिथं टांगा, मी येऊन पाणी शिंपडीन. तिथंच अर्धं काम झालं.

सभेत तातय इमो उठला. चाळीस वर्षांत तो सभेत उठलेला कुणी पाहिला नव्हता. म्हणाला, "घंटा काही फक्त जमिनीवरच्या माणसांसाठी नसते." मग पुढे बोलेना. मी म्हटलं, "तातय, गेलेल्यांसाठी आपण नोव्हेंबरात मेणबत्त्या लावतो. घंटा जिवंतांना राहू द्या." लोक हसले. तो खाली बसला. लगेच वाटलं, चारचौघांत असं बोलायला नको होतं. पण मुद्दा माझा बरोबर होता.

हात वर करायला सांगितले. आधी बायकांचे झाले, मग कप्तानाचा, मग त्याच्याकडे बघून पुरुषांचे. नवल म्हणजे मच्छीमारांचे हात रेंगाळत वर आले, एकमेकांकडे बघत बघत. सगळ्यांत शेवटी सान्तोचा. हात वर करताना तो माझ्याकडे बघत नव्हता, बापाकडे बघत होता. झोपेत केल्यासारखा हात वर केला. घरी येताना म्हटलं, बायकोच्या बाजूनं हात वर करायला एवढा जड झाला का? तो म्हणाला, "केला ना."

७ सप्टेंबर, रविवार

घंटा वर गेली. आमच्याकडे अख्खं घर खांद्यावर उचलून हलवतात, तेव्हा बांधतो तसे बांबू आडवे-उभे बांधले आणि चोवीस जणांनी खांद्यावर घेतली. घर हलवताना गाणी म्हणतात, मस्करी करतात. आज कोणी गायलं नाही. तातय इमोनं आधीच घंटेचा लोलक काढून घेतला होता, वाटेत वाजली तर अंत्ययात्रेसारखी वाटेल म्हणून. तो पोत्यात गुंडाळून, बाळासारखा उराशी धरून सगळ्यांच्या मागून चढत होता. एकशे साठ पायऱ्या. दोनदा बसला.

शाळेसमोर नारळाच्या खोडांची चौकट केलीय, तिच्यात घंटा टांगली. मी पुरुषांना भात आणि सुकी मासळी वाढली. तातय जेवला नाही. मला सेंदा म्हणाला, इंदाय नाही.

२० सप्टेंबर, शनिवार

तेरा दिवस म्हातारा दिवसातून तीनदा चढत होता. काल गुडघे सुजले. आज दोर माझ्या हातात दिला.

मी मारे ओढायला लागले तर म्हणाला, "होडी आहे, लग्नाची वरात नाही." म्हटलं, होडी कुठली, तातय, घंटा आहे. तो गोंधळला, मग म्हणाला, "तेच. तीन ठोके, मग थांबायचं. सारखी वाजवलीस तर कान भरून जातो. थांबलं की कानाला शोधता येतं, कुठून आलं ते." मी म्हटलं, इथं शोधायचं काय आहे, टेकडी एकच आहे. इशाऱ्याला मी सारखी वाजवणार, म्हणजे लोक घाबरून तरी धावतील. तो म्हणाला, तुझी मर्जी.

म्हातारपणी होडी आणि घंटा यांतला फरकही कळेनासा झालाय. वाईट वाटलं.

२८ सप्टेंबर, रविवार

बावन्न मिनिटं! एक्केचाळीसच्या एक्केचाळीस घरं वर!

आपोय तासिंगला तिच्या नातवानं पाठीवर आणलं. जाळीचा पदर होताच. वर येऊन तिनं घंटेकडे बघून छातीवर क्रूस केला. मी विचारलं, काय आपोय, बकऱ्या दिसल्या का? म्हणाली, "घंटा इथं म्हणजे चर्च इथं. आधी सांगायचं ना." कप्तानानं या खेपेला यंत्र आणि कोंबडा दोन्ही स्वतः उचलले होते. मास्तरांनी फळ्यावर एकेका घरापुढे खूण केली आणि शेवटची खूण झाली तेव्हा मला रडू आलं. सगळ्यांना वाटलं, आनंदानं.

कचेरीच्या वहीत फक्त आकडा लिहिला.

९ ऑक्टोबर, गुरुवार

आज घरात भांडण. खरं तर मीच भांडले, बाकीचे गप्प होते.

संध्याकाळी पावसाची दाट झड आली आणि चर्चकडून टण् टण् ऐकू आलं. जाऊन बघते तर रिकाम्या घंटाघरात ट्रकच्या चाकाची लोखंडी रिम टांगलेली आणि तातय इमो तिच्यावर हातोडा मारतोय. तीन मारतो, थांबतो. रिम शहरातल्या गॅरेजमधून जीपच्या टपावर टाकून आणली म्हणे. एवढ्यात दोन बायका पदर घेऊन चर्चच्या दारात हजर. माझं डोकंच फिरलं. दोन महिन्यांची मेहनत एका भंगाराच्या तुकड्यानं धुऊन निघायची. दोन दिशांना दोन आवाज झाले तर पाय पुन्हा खालीच वळणार.

मी रिम उतरवली आणि चर्चला लागूनच समितीची खोली आहे, तिथल्या कपाटात कुलूप लावून ठेवली. म्हाताऱ्यानं रिम नेऊ दिली. हातोडा मात्र घरी घेऊन आला.

जेवताना सान्तो म्हणाला, "किल्ली कुठं असते?" म्हटलं, माझ्या गळ्यात, आणि तिथंच राहील. तो ताट तसंच ठेवून उठला. मी विचारलं, काय सांगायचंय ते एकदा तोंडानं सांगून टाक. त्यानं बापाकडे बघितलं, बापानं जमिनीकडे. दोघांच्या तोंडाला कुलपं. माझ्या कपाटाला एकच आहे.

१५ ऑक्टोबर, बुधवार

सान्तो पहाटे गेला. आता बोलतो, पण कामापुरतं.

समुद्रावर निघालेल्या माणसाला परत कधी येणार हे विचारायचं नसतं. कधी येणार, कुठल्या वाटेनं येणार, यातलं काहीच जमिनीवर बोलायचं नाही, बोललं की वाट बुजते म्हणतात. लग्न होऊन आले त्या आठवड्यात मी विचारलं होतं, तर सासूनं माझ्या तोंडावर हात ठेवला होता. वीस वर्षं झाली. विचारत नाही, फक्त डबा भरून देते.

२ नोव्हेंबर, रविवार

आईच्या थडग्यावर गेलो. सान्तोनं न सांगता दोन मेणबत्त्या लावल्या, एक तिच्यासाठी. दुसरी कुणासाठी विचारलं तर म्हणाला, "वाऱ्यासाठी."

रेडिओवर सांगत होते, पूर्वेला खूप लांब काहीतरी गोळा होतंय.

५ नोव्हेंबर, बुधवार

शुक्रवारी रात्री येणार. नाव दिलंय, चांगलं बाईमाणसाचं नाव आहे. छपरांवर दोर टाकले, डुकरं वर नेली, शाळेत पाणी भरलं. होड्या ओढून माडांच्या मागे बांधल्या, सान्तोची सोडून. त्याचे आणि चुलतभावाचे, इस्कोचे, खेकड्यांचे साठ सापळे खडपाच्या, म्हणजे समुद्रातल्या खडकांच्या रांगेच्या, बाहेर पडलेत. गेल्या वर्षी वादळात सगळे गेले होते, पुन्हा विणायला अख्खा उन्हाळा गेला. उद्या पहाटे जाऊन दुपारपर्यंत घेऊन येतो म्हणाला. बंदी उद्या संध्याकाळपासून आहे, त्यामुळे मला अडवता येईना.

समितीची प्रमुख म्हणून अडवता येत नव्हतं. बायको म्हणून अडवायला हवं होतं का? मी डबा भरला.

६ नोव्हेंबर, गुरुवार

दोघं पहाटे चारला गेले.

अकरा वाजता. वादळानं वेग घेतलाय. उद्या नाही, आज संध्याकाळी.

साडेबारा. धोक्याचा सिग्नल तीन नंबरचा. जमिनीकडून समुद्राकडे वारा. पाऊस असा की चर्च दिसत नाही. होडी आलेली नाही.

एक वाजला. घंटा सुरू करते. वही मास्तरांच्या पिशवीत ठेवतेय.

८ नोव्हेंबर, शनिवार

हाताला फडकं बांधलंय, अक्षर वाकडं येईल.

सारखी वाजवत होते, ठरवलं होतं तशी. लोक येत होते. मास्तर दारात फळा धरून खुणा करत होते. पहिल्या अर्ध्या तासात एकोणतीस घरं आली. मग ओघ आटला. पाऊस आडवा मारत होता आणि पायऱ्यांवरून पाणी धावत होतं. बारा घरं खाली होती. माझ्या डोक्यात फक्त बारा हा आकडा होता. दुसरा विचार येऊ नये म्हणून मी जोरानं ओढत होते.

तेवढ्यात तातय इमो आला. त्याला सकाळीच वर आणून बसवला होता, पण तो कधी खाली उतरला आणि कधी पुन्हा चढला, कुणाला कळलं नाही. चिखलानं भरलेला, कमरेला हातोडा. माझ्यासमोर हात पसरून म्हणाला, "किल्ली दे."

मी म्हटलं, तातय, आता नाही. माणसं खाली वळतील.

तो माझ्या कानाशी आला. जे जमिनीवर बोलायचं नसतं ते बोलला. "सान्तो बाहेर आहे. अशा पावसात खडप दिसत नाही, खडपातली फट दिसत नाही. आवाजावर यायचं असतं. घंटाघर डाव्या कानाला धरायचं आणि सरळ आत. माझ्या बापानं मला शिकवलं, मी त्याला शिकवलं. टेकडीचा आवाज पाण्यावर चहूकडून येतो, त्यानं वाट सापडत नाही."

माझे हात दोरावर होते. घंटा वाजतच होती. सभेतला तो उभा राहिलेला म्हातारा, रेंगाळत वर गेलेले हात, अवेळी पावसात वाजणारी घंटा, सगळं एकदम कळलं, आणि कळून काही उपयोग नव्हता. मी विचारलं, "घंटा थांबवू?"

आयुष्यात मला कुणी इतका कठीण प्रश्न विचारला नाही, आणि तो मीच दुसऱ्याला विचारत होते. तो नाही म्हणाला असता तर मी सान्तोला मारलं असतं, हो म्हणाला असता तर खालच्या बारा घरांना.

तो म्हणाला, "थांबवू नकोस, इंदाय. माणसं खाली आहेत. तीन ठोके, मग थांब. तू थांबशील तेव्हा मी मारीन."

मी किल्ली दोऱ्यासकट गळ्यातून तोडून दिली. त्याच्याबरोबर कुणाला तरी पाठवायला हवं होतं. जो तो म्हाताऱ्यांना नाहीतर पोरांना धरून होता. तो पायऱ्यांवर बसून घसरत घसरत उतरला, मग पावसात दिसेनासा झाला.

तीन ठोके, मग थांबले. खालून काही नाही. पुन्हा तीन. काही नाही. थांबणं हे वाजवण्यापेक्षा कठीण होतं. प्रत्येक वेळी वाटायचं, ही शांतता ऐकून कोणी तरी वाटेतून मागे फिरेल. मोजत गेले. अकराव्यांदा थांबले तेव्हा खालून आलं. टण्, टण्, टण्. बारीक, पण स्वच्छ. मी तीन मारले, त्यानं तीन मारले.

लोक येत होते. तीस. चौतीस. कुणी चर्चकडे वळलं नाही. आपोय तासिंग दारातच बसली होती. येणाऱ्या प्रत्येकाला ओरडून सांगत होती, "मोठा आवाज आपला, बारका होड्यांचा." तिला ते माहीत होतं. सगळ्या गावाला माहीत होतं. फक्त वरच्या गावाहून आलेल्या मला माहीत नव्हतं, आणि सांगायला बंदी होती. चाळिसावं घर आलं. शेवटच्या घरची विधवा डुक्कर सोडून यायला तयार नव्हती. कप्तान कोंबडा मास्तरांच्या हातात देऊन खाली धावला.

मग रिम थांबली.

मी तीन मारले, थांबले. नाही. पुन्हा तीन. नाही. होडी आत आली म्हणून तो थांबला, की पाणी वर आलं म्हणून, हे कळायला काही मार्ग नव्हता. कप्तान त्या बाईला आणि डुकराला घेऊन आला. मास्तरांनी एक्केचाळिसावी खूण केली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, माना सेंदा, सगळे आले, आता पुरे. मी दोर सोडला नाही. सगळे आले नव्हते. तीन मारायचे, थांबायचं. हाताची कातडी गेली होती. मास्तरांनी दोराचं मोकळं टोक धरलं.

किती वेळ गेला सांगता येत नाही. पायऱ्यांवर आधी इस्को दिसला, मग सान्तो, पाठीवर बाप. सान्तो रांगतच चढत होता. पाणी चर्चच्या दारात शिरलं तेव्हा त्यांनी म्हाताऱ्याला घंटाघरातून ओढून काढलं. तो हातोडा सोडेना. त्याचा उजवा खांदा निखळला होता, मारून मारून की पडून, ते त्यालाही माहीत नाही. मी त्याच्यापुढे गुडघ्यांवर बसले. तो म्हणाला, "शेवटी शेवटी घाई करत होतीस."

रात्रीचं काही लिहीत नाही. सकाळी मोजलं. दोनशे सहा. दोनदा मोजलं, तिसऱ्यांदा आपोय तासिंगनं मोजायला लावलं. दोनशे सहा.

चर्चला छप्पर नाही. घंटाघर नाही. जिथं होतं तिथं वाळू आहे.

१२ नोव्हेंबर, बुधवार

कचेरीच्या बाई आल्या, फोटो काढले. म्हणाल्या, तुमच्या गावाचं उदाहरण आम्ही सगळीकडे देऊ, घंटा टेकडीवर नेण्याची कल्पना फार छान. मी सांगितलं की त्या कल्पनेनं माझा नवरा जवळजवळ मेला होता. त्यांनी ते लिहून घेतलं नाही.

दुपारी सान्तोबरोबर होडीची मोडकी उलांडी, म्हणजे तोल राखणारा बाजूचा बांबू, बांधत होते. तो वेताचे वेढे घालत होता, मी बांबू धरून होते. विचारलं, तुला माहीत होतं, मग हात का वर केलास? बोलायला बंदी असेल, हात खाली ठेवायला तर नाही ना.

त्यानं एक वेढा आवळला. मग म्हणाला, "त्या दिवशी घंटा मीच वाजवत होतो, सेंदा. बा आजारी होता. मच्छीमार बाहेर होते, त्यांच्यासाठी. तुझी आई ती ऐकून आली. दारातून माझ्याकडे बघून हसली. मला वाटलं, सिमेंटचं आहे." पुढे म्हणाला, "कुठल्या तोंडानं सांगणार, घंटा तिथंच राहू दे म्हणून?"

नऊ वर्षं आम्ही एका घरात राहिलो, एका ताटात जेवलो. मला वाटायचं, तो मला बोल लावत नाही. तो माझ्या बोलाची वाट बघत होता.

मी बांबू धरून राहिले. तो सोडता येत नव्हता, गाठ अर्धी होती.

२३ नोव्हेंबर, रविवार

पोरांना रिम वाळूत सापडली, चर्चपासून दोनशे पावलांवर. वाकली आहे, पण वाजते. कप्तान आणि मच्छीमारांनी घंटाघराच्या जागी माडाचं खोड रोवून ती टांगली. ते नेमकं कुठं हवं हे तातय इमोनं खुर्चीवर बसून डाव्या हातानं दाखवलं, आणि सगळ्यांसमोर, जमिनीवर, मोठ्यानं सांगितलं का ते. जुने मच्छीमार अस्वस्थ झाले. तो म्हणाला, वाट बुजायची असती तर त्याच दिवशी बुजली असती.

त्याचा उजवा हात आता खांद्याच्या वर जात नाही. टेकडीवरची घंटा मास्तर वाजवणार. कचेरीच्या वहीत छापील रकाना आहे, 'इशारा देण्याची जबाबदारी'. तिथं मास्तरांचं नाव लिहिलं. त्याखाली रकाना नव्हता, मी पट्टीनं आखला: 'होड्यांसाठी'. पुढे माझं नाव लिहिलं.

आज वादळानंतर पहिल्यांदा सान्तो निघाला. मी डबा दिला. कधी येणार ते विचारलं नाही, एवढं मी शिकले आहे. पण विचारलं, "रिम कुठपर्यंत ऐकू येते?"

तो होडीत एक पाय ठेवून थांबला. "पुरेल एवढी येते," म्हणाला.

चार वाजता पावसाची झड आली. खडप दिसेनासं झालं. मी हातोडा घेऊन खाली गेले. तातय इमो छत्रीखाली खुर्चीत बसून होता. तीन ठोके मारले, मग थांबले.

"अजून थांब," तो म्हणाला. "त्याला शोधू दे."